हजेरीपटाबाहेरचे काम

(हिंगोली येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



या मालेतील आजचे पुष्प गुंफण्याची आज्ञा संयोजकांनी मला केली, तेव्हा शाळेच्या नोकरीत ३४ वर्षे घालविलेल्या बाईने शिक्षणावर बोलावे अशी त्यांची स्वाभाविक अपेक्षा होती. परंतु ज्या मातेच्या स्मरणार्थ तिच्या मुलांनी ही माला चालविली आहे, तिच्याविषयी त्यांच्याकडे चौकशी करीत असता, "आई बसलेली आम्ही कधी पाहिलीच नाही" हे एकच वाक्य तिघांनीही निरनिराळ्या वेळी आणि जवळजवळ त्याच शब्दांत उच्चारले, आणि ते ऐकल्यापासून माझ्या मनाने दुसरा विषय घेण्याचे नाकारले. मुलांनी ते वाक्य गौरवाने उच्चारले होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि त्या पाण्याविषयी मला आदर आहे. तरीही, आई का बसत नाही हा प्रश्न ती हयात असताना त्या घरात कोणाला पडला असता तर तिचे दिवस काही वेगळे गेले असते काय, असे माझ्या मनात आले. संयोजकांना मी विषय बदलण्याची परवानगी मागितली, आणि त्यांनी ती मोठ्या मनाने दिली.

१ मे १९९९ रोजी परभणीपासून आपला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याच महिन्यातली एक गोष्ट सांगते. प्रशिक्षणवर्गासाठी चार दिवस मी सेनगावला जाऊन-येऊन करीत होते. मुलगी आजोळी गेली होती. घरात गुडघ्यांनी जागच्या जागी खिळलेल्या सासूबाई, आमचे हे, आणि दोन मुलगे होते. थोरला २१ वर्षांचा, धाकटा १७ चा. आमच्या गल्लीत आठवड्याने नळ येई, आणि त्या चारांतला एक दिवस नळाचा होता. त्या संध्याकाळी एस.टी.तून उतरून मी घरी पोहोचले तेव्हा तिघेही बैठकीत नव्या जिल्ह्याविषयी मोठ्या उत्साहाने बोलत होते: जिल्हाधिकारी कचेरी कोठे उभी राहणार, कोणकोणती खाती परभणीहून येणार, औंढ्याच्या माणसांचे हेलपाटे किती वाचणार. नळ साडेतीनला आला होता आणि पाचाला गेला होता. हौद कोरडा होता, रांजणाच्या तळाशी वीतभर गढूळ पाणी होते, आणि अंगणात सकाळी मी धुऊन पालथ्या घातलेल्या घागरी तशाच पालथ्या होत्या. मी काही विचारण्यापूर्वीच थोरला म्हणाला, "आई, तू सांगून गेली असतीस तर भरलं असतं की!"

हे वाक्य त्याने उद्धटपणे म्हटले असते तर मी रागावले असते आणि विसरूनही गेले असते. ते त्याने अत्यंत प्रांजळपणे म्हटले. सांगितले असते तर त्याने खरोखरच भरले असते, हौद काठोकाठ भरला असता, याविषयी मला तेव्हाही शंका नव्हती. पण तोटीखालच्या रिकाम्या बादलीत नळाची धार पडू लागली की तिचा आवाज साऱ्या घरात घुमतो. तो दीड तास तीन धडधाकट पुरुषांच्या कानांवर पडत होता, आणि त्या आवाजाचा आपल्याशी काही संबंध आहे असे त्यांपैकी एकालाही वाटले नाही, कारण त्या आवाजाला उठण्याचे काम माझे किंवा मुलीचे असते आणि त्या दिवशी आम्ही दोघी घरात नव्हतो. मी ओट्यावर पिशवी ठेवली आणि बराच वेळ तेथेच बसून राहिले. त्या दिवशी तरी आई बसलेली माझ्या मुलांनी पाहिली.

निजामी अमदानीतील दप्तराची भाषा ज्यांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे, त्यांना अंमलदार आणि चपराशी यांतील भेद सांगावयास नको. चपराशी हुकूम बजावतो. हुकूम नसेल तर तो बाकावर बसून राहतो, आणि बसल्याबद्दल त्याला कोणी जाब विचारीत नाही. अंमलदाराला मात्र हुकमाची वाट पाहता येत नाही. पाऊस लांबला, पीक बुडाले, रयत गाव सोडू लागली, हे त्याने स्वतः पाहावयाचे असते. आमच्या घराचा कारभार असा चालला होता, आणि बहुसंख्य घरांचा आजही असाच चालतो, की एक अंमलदार आणि बाकी सारे चपराशी. त्या अंमलदाराचे खरे ओझे हातांवर नसते. पीठ कधी संपणार, गॅसची टाकी कधी लावली होती, सासूबाईंच्या गोळ्या किती उरल्या, शनिवारी शाळा सकाळची म्हणून गणवेश शुक्रवारीच वाळला पाहिजे, पाहुणे आले तर साखर आहे काय, ही अखंड टेहळणी करता करता घरातली बाई थकते. त्या रात्री झोप येईना म्हणून मी एका वहीत दिवसभरात मला आठवावी लागलेली कामे लिहू लागले, केलेली नव्हेत, केवळ आठवावी लागलेली, तर मजकूर दोन पानांत मावेना. "तू फक्त सांग, मी करतो" असे म्हणणारा माणूस आपण अर्धे ओझे उचलले असे समजतो. पण सांगण्यासाठी आधी पाहावे लागते, लक्षात ठेवावे लागते, सांगितल्यावर झाले की नाही ते पुन्हा पाहावे लागते, आणि दुसऱ्यांदा सांगितले की आई कटकट करते असे ऐकून घ्यावे लागते. "मदत" हा शब्दही मला याच कारणाने सलतो. मदत परक्याच्या कामात करतात. शेजाऱ्याच्या लग्नात आपण मदत करतो. ज्या घागरीचे पाणी आपण पितो ती भरणे ही कोणाला केलेली मदत?

ही कैफियत नवी नाही, आणि तिचा एक अतिशय जुना दाखला तर आपल्याच मातीतला आहे. हिंगोली तालुक्यातले कयाधूकाठचे नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव. १२७० हे त्यांचे जन्मसाल. दामाशेटी आणि गोणाई हे मातापिता, घरचा धंदा शिंप्याचा, पुढे राजाईशी विवाह, चार मुलगे, सुना, असा तो भरला प्रपंच. नामदेवांच्या गाथेत गोणाईच्या आणि राजाईच्या नावे जे संवादरूप अभंग आहेत, त्यांचे कर्तृत्व कोणाचे याविषयी विद्वानांत वाद असू शकेल, परंतु त्यांतील तक्रार कोणत्या घरातून आली असेल याविषयी माझ्या मनात संदेह नाही. मुलगा देवापायी घर विसरला, धंदा बुडाला, घरात दाणा नाही, म्हणून ती आई मुलाशी भांडते, आणि तेवढ्याने भागत नाही तेव्हा प्रत्यक्ष विठोबाशी भांडते, माझा मुलगा मला परत दे म्हणून. महिपतीबोवांनी १७६२ मध्ये रचलेल्या भक्तिविजयात वडिलांनी बाजारात कापड विकावयास पाठविलेल्या नामदेवांची कथा आहे: त्यांनी ते कापड धोंड्यांना उधार दिले आणि एक धोंडा जामीन म्हणून घरी आणला. आपण ही कथा कीर्तनात ऐकतो तेव्हा त्या धोंड्याचे सोने होण्याची वाट पाहतो. घरी ज्या बाईने चूल पेटवून ठेवली होती तिच्याकडे कोणी पाहत नाही. गोणाई आणि राजाई या दोघींची तक्रार निरूपणात बहुधा अज्ञान म्हणून, प्रपंचाचा मोह म्हणून सांगितली जाते. नामदेवांविषयी माझी भक्ती कोणाहून कमी नाही. लहानपणापासून मी नरसीला जाते आहे. तरीही मला असे वाटते की गोणाईची ती फिर्याद पूर्णपणे न्याय्य होती, आणि सातशे वर्षांत तिच्यावर निकाल झालेला नाही.

आणि तरी त्या परंपरेनेच, जणू गोणाईचे म्हणणे कोठेतरी कोणाला पटले असावे अशा रीतीने, त्याच घरात एक उत्तर लिहून ठेवले आहे. गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई लहानपणी दामाशेटींच्या घरी आली आणि आयुष्यभर त्या मोठ्या कुटुंबाची दासी म्हणून राबली. तिच्या अभंगांतला विठ्ठल सिंहासनावर बसून राहत नाही. ती झाडते तेव्हा तो केर भरतो. ती दळावयास बसते तेव्हा जात्याला हात लावतो. गोवऱ्या वेचतो, पाणी आणतो, तिचे केस विंचरतो. माझ्या आईने हे अभंग म्हटलेले मी शेकडो वेळा ऐकले होते, परंतु त्या मे महिन्यातील रात्रीपर्यंत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. देव जनीकडे येतो तो काम दिसले म्हणून येतो. "तू सांग, मी करतो" असे तो म्हणत नाही. जनीला त्याला काही सांगावे लागत नाही, आठवण करून द्यावी लागत नाही, आणि काम झाल्यावर तो आपण केलेल्या कामाचा बोभाटा करीत नाही. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचरांनी पिंडीवर पाय ठेवून नामदेवांना विचारले, की जेथे देव नाही अशी जागा दाखव, तेथे पाय ठेवतो. ही कथा आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मोरीतल्या खरकट्या भांड्यांचा कोपरा त्या सर्वव्यापकतेतून वगळावा असे विसोबांनी म्हटल्याचे मी कोठे वाचलेले नाही.

आता माझ्या आईची गोष्ट. १९७२ च्या दुष्काळात मी २० वर्षांची होते. कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या गावाजवळ रस्त्याचे काम निघाले, खडी फोडावयाची होती, आणि आई व वडील दोघेही त्या कामावर जाऊ लागले. सुकडी मिळे, आठवड्याला पगार मिळे. कारकून हजेरीपट उघडून नावे पुकारी, आणि त्या हजेरीपटावर वडिलांच्या नावाखाली, वेगळ्या ओळीत, आईचे नाव होते. सरकारी कागदावर तिचे स्वतंत्र नाव आणि त्यापुढे तिने केलेल्या कामाचा आकडा मी प्रथमच पाहिला, आणि अंगठा उठविताना तिने तो कागद दोन क्षण हातात धरून ठेवला होता हे मला आजही दिसते. त्याच कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली मंजूर होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि त्या योजनेत स्त्री आणि पुरुष यांच्या मजुरीत भेद नसावा हे तत्त्व मान्य झाले. ही महाराष्ट्राला भूषण वाटावी अशी गोष्ट आहे. परंतु संध्याकाळी दोघे घरी परतत, तेव्हा वडील हातपाय धुऊन ओट्यावर टेकत, आणि आई जात्यावर बसे. दिवसभर दोघांनी सारखीच खडी फोडलेली असे, सारखीच मजुरी लागलेली असे. त्या दुसऱ्या कामाचा हजेरीपट कोणत्याही कचेरीत नव्हता. वडील दुष्ट नव्हते, ते अतिशय मायाळू होते. आईला ताप आला तर रात्रभर उशाशी बसत. पण जात्याचा खुंटा त्यांनी कधी धरला नाही, आणि धरावा असे आम्हां भावंडांपैकी कोणीही त्यांना म्हटले नाही, मीसुद्धा.

हा हजेरीपट अजूनही पुरता तयार झालेला नाही. जनगणनेच्या कोष्टकांत केवळ घरकाम करणारी स्त्री काम न करणाऱ्यांत मोजली जाते. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या मराठवाड्यातल्या नवरा-बायकोच्या जोडीला एक "कोयता" म्हणतात आणि उचल त्या कोयत्याच्या नावाने दिली जाते. त्यातली बाई पहाटे सर्वांआधी उठून भाकरी थापते ते श्रम कोयत्यात धरलेले नसतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, तीत असे आढळले की बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवितात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. आणि हे पुरुषसुद्धा शंभरात २६, तर स्त्रिया ८१. मोटार वाहन कायद्याच्या एका परिशिष्टात, अपघातात मृत्यू पावलेल्या न कमावत्या जोडीदाराचे उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या एक-तृतीयांश धरावे असा दंडक होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२१ मध्ये गृहिणीच्या श्रमाचे मोल अधिक आदराने करावे असे बजावले, हे फार चांगले झाले. पण हे सारे खटले भरपाईचे. तिच्या कामाला आकडा मिळतो तो ती गेल्यावर, वारसांच्या अर्जावर.

पुरुषांना हे काम येत नाही, ही समजूत तर सर्वस्वी खोटी आहे. सप्ताह होत नाही असे गाव आपल्या भागात क्वचितच सापडेल. त्या सात दिवसांत गावातले पुरुष चुलवणे मांडतात, हंड्यांतून वरण शिजवितात, कढईत बुंदी पाडतात, बादल्या घेऊन पंगतीत धावत वाढतात, शेवटी उष्ट्या पत्रावळी उचलतात, आणि कोणाला कमीपणा वाटत नाही. नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, त्या नात्याने पंजाबातून शीख यात्रेकरू नरसीला येतात. शेजारी नांदेडला गुरुद्वाराच्या लंगरात मोठमोठे गृहस्थ पोळ्या लाटताना आणि ताटे घासताना मी पाहिले आहेत. हेच हात घरी का उचलले जात नाहीत, याचा मी पुष्कळ विचार केला. एक कारण मला असे दिसते की सप्ताहाला काला असतो. आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन होते, प्रसाद वाटला जातो, हंडे घासून पालथे पडतात आणि काम संपते. ते दहा जणांनी मिळून, दहा जणांच्या देखत केलेले असते. घरच्या कामाला काला नाही. घासलेले भांडे चार तासांत पुन्हा खरकटे होते, आणि ते घासताना कोणी पाहत नसते.

परंतु हा दोष केवळ पुरुषांच्या माथी मारून मी मोकळी होऊ शकत नाही. मुलगे लहान होते तेव्हा त्यांना मी काय शिकविले? शाळेत मुलांकडून मी वर्ग झाडून घेत असे, पाळीपाळीने, मुलगा आणि मुलगी असा भेद न करता. आणि घरी येऊन "राहू दे, त्यांना अभ्यास करू दे" म्हणत असे. एकदा वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलगी घागर उचलताना थांबली आणि मला म्हणाली, "आई, दादाची परीक्षा असली की तू त्याला हाक मारत नाहीस. माझीपण उद्या परीक्षा आहे." मी तिच्या हातातून घागर घेतली, पण दादाला हाक मारली नाही. ती घागर मीच भरली. आज त्या प्रसंगाची मला लाज वाटते, आणि ती या सभेत सांगितलेली बरी.

त्या मे महिन्यानंतर मी जे उपाय केले, त्यांतले पहिले दोन फसले. प्रथम मी काहीच करावयाचे नाही असे ठरविले. तीन दिवसांत सासूबाईंचे हाल होऊ लागले, आणि ज्यांच्यावर माझा रोष नव्हता त्यांनाच शिक्षा होते हे पाहून मी तो हट्ट सोडला. नंतर भिंतीवर कामांचे वाटणीपत्रक लावले. महिनाभर ते नीट चालले, पण त्यावर खुणा झाल्या की नाहीत हे पाहणे माझ्याकडेच राहिले, म्हणजे अंमलदाराच्या कामात एका रजिस्टराची भर पडली. शेवटी, आमच्या ह्यांच्या कचेरीत बदली झालेला माणूस कार्यभार लिहून देतो ते आठवून, मी धाकट्याला बसवून घेतले आणि पाण्याचे संपूर्ण खाते त्याच्या स्वाधीन केले. नळ कधी येणार याची चौकशी त्याची, हौद धुणे त्याचे, पावसाळ्यात तुरटी फिरविणे त्याचे, उन्हाळ्यात टँकरवाल्याशी बोलणे त्याचे. मी विचारणार नाही, आठवण देणार नाही आणि चुकले तर सावरणारही नाही. दुसऱ्याच आठवड्यात नळ आला आणि तो क्रिकेट खेळावयास गेलेला. मला नळाचा आवाज ऐकू येत होता. दारात उभी राहून मी तो ऐकत होते, आणि जाऊन घागर न लावणे हे माझ्या आयुष्यातल्या कठीण गोष्टींपैकी एक होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलविली. तो आठवडा शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या पाण्यावर काढला, आणि मागावयास धाकटाच गेला. त्यानंतर पाणी कधी चुकले नाही. कालांतराने सासूबाईंच्या औषधांचे खाते ह्यांनी आपणहून घेतले, आणि त्या जाईपर्यंत एकही गोळी चुकू दिली नाही.

लक्ष ही उपजत देणगी आहे असे म्हणणाऱ्यांशी म्हणूनच मी सहमत होऊ शकत नाही. औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मान्यता दिली. तिच्या भुजा चार-चार किलोमीटर लांबीच्या असतील, आणि अंतरिक्षात कोट्यवधी वर्षांपूर्वी झालेल्या आघाताने अणुगर्भाहूनही सूक्ष्म असे जे स्पंदन येथे पोहोचते, ते टिपण्याची सिद्धता माणसाने केली आहे. इतके सूक्ष्म जाणण्यास जो स्वतःला शिकवितो, त्या माणसाला शेजारच्या खोलीतला नळाचा आवाज ऐकावयास शिकविता येईल, हा माझा विश्वास आहे.

थोरला मात्र तोवर नोकरीसाठी बाहेरगावी गेला होता आणि त्याच्याकडे कोणतेच खाते सोपवावयाचे राहून गेले. त्याचे घर आता पुण्यात आहे, सूनबाई नोकरी करतात, एक लहान मूल आहे. गेल्या महिन्यात सूनबाईंचा फोन आला. इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर थोड्या संकोचाने त्या म्हणाल्या, "आई, मी कंटाळून गेले. हे वाईट नाहीत हो. पण प्रत्येक वेळी म्हणतात, तू सांग, मी करतो." ते वाक्य मी ओळखले. इतक्या वर्षांनी, त्याच शब्दांत, माझ्याच घरातून ते तेथे गेले होते. मी विचारले, "बाळाच्या दुधाचं, लशींचं, डब्याचं कोण बघतं?" त्या म्हणाल्या, "मीच." त्या रात्री मी थोरल्याला फोन केला आणि त्या मे महिन्यातील नळाची आठवण दिली. त्याला ती नव्हती. मग मी ती सगळी सांगितली, पालथ्या घागरींसह, आणि म्हटले, "बाळाचं खातं उद्यापासून तू घे. ती तुला काही सांगणार नाही." तो बराच वेळ बोलला नाही. नंतर त्याने विचारले, "आई, लशीचं कार्ड कुठे ठेवतात?" मी म्हटले, "ते तूच शोध."